तोंडातल्या टाचण्या

मास्तरांशी पहिल्यांदा बोलायला गेलेल्या माणसाची फजिती ठरलेली. काहीही विचारा, समोरून फक्त "अं" यायचं. कोट कधी मिळेल? अं. बाही जरा लांब वाटत नाही का? पुन्हा अं, पण जरा वेगळ्या सुरातलं. माणूस मुका आहे की शिष्ट, असा विचार करत गिऱ्हाईक उभं राहायचं आणि मग त्याच्या लक्षात यायचं की या गृहस्थाच्या ओठांत टाचण्यांची अख्खी रांग आहे. एका हाताने कापडाची दुमड धरायची, दुसऱ्याने खडूची रेघ ओढायची, मग टाचण्या ठेवायच्या कुठे? टेबलावर पिनकुशन होतं, चांगलं मखमली होतं, पण तिथवर हात जाईपर्यंत दुमड सुटायची. तोंडाचं तसं नाही, ते कायम जवळच असतं. उमेदवारीच्या दिवसांत ही सवय लागली ती लागलीच. सकाळी शटर वर गेलं की टाचण्या तोंडात आणि संध्याकाळी शटर खाली आलं की बाहेर.

त्या "अं"चा अर्थ लावू शकणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. तिला सगळी गल्ली ताईच म्हणायची. दुकानाच्या मागच्या खिडकीपाशी बसून ती काज-बटणं करायची आणि तिथूनच, मानसुद्धा वर न करता, गिऱ्हाइकाला सांगायची की तो म्हणतोय, बाही बरोबर आहे, तुम्हीच खांदे पाडून उभे आहात. मास्तर मान डोलवायचे, गिऱ्हाईक खांदे सरळ करायचं, आणि बाही खरंच बरोबर असायची.

आता मास्तरांना तोंड उघडायला लावणारी गोष्ट सांगायची, तर आधी त्यांच्या रक्ताबद्दल सांगायला हवं. ते लवकर गोठत नसे. हिमोफिलिया म्हणतात त्याला, जन्मापासूनचा. लोकांना वाटायचं, शिंपी माणूस, रोज बोटाला सुई टोचणार, मग कसं व्हायचं याचं? पण बोटाला टोचलं तर दाबून धरलं की भागतं. खरा घात आतल्या आत होतो. लहानपणी काही न लागतासवरता त्यांचा गुडघा सुजून खरबुजाएवढा व्हायचा आणि पोर आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून राहायचं. तेव्हा ताई शाळेतून आली की दप्तर टाकून त्याच्या उशाशी बसायची. तो गुडघा पुढे कायमचा अर्धवट वाकलेला राहिला आणि म्हणूनच बसून करायचं काम बघितलं गेलं. पुढे रक्त गोठवणारं औषध निघालं, ते घरी ठेवून घरीच शिरेतून द्यायची सोय झाली, आणि ताई हॉस्पिटलात जाऊन ते द्यायला शिकून आली. ज्याचं पोट सुईवर आणि जीवही सुईवर असा माणूस आमच्या गल्लीतच सापडायचा, अशी थट्टा लोक करायचे. मास्तर त्यावरही अं म्हणायचे.

तेव्हापासून एक दिवसाआड सकाळी, दुकान उघडायच्या आधी, वरच्या घरातल्या स्वयंपाकाच्या टेबलावर हा कार्यक्रम व्हायचा. ताई टेबल पुसून घ्यायची, हात कोपरापर्यंत धुवायची, पावडरच्या बाटलीत पाणी सोडून ती हलक्या हाताने फिरवायची. हलवायची नाही, फिरवायची, नाहीतर फेस होतो. मग दंडाला पट्टा आवळायची आणि शिरेत सुई घालायची. हे सगळं होईस्तोवर तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. छत्री पुन्हा कुठे टाकून आलास, इस्त्रीचं बटण कालही चालूच होतं, एक दिवस दुकान जाळशील, मोजे जोडीने धुवायला टाकायला काय होतं तुला, एक कॉटखाली आणि एक देवाला माहीत कुठे. मास्तर ऐकून घ्यायचे. बोलता बोलता ती सुई कधी काढायची ते कळायचंही नाही. कापसाचा बोळा त्यांच्या हातात देऊन ती म्हणायची, "झालं. घट्ट दाबून धर." तेवढं झालं की चहा.

ताईचा नवरा लवकर गेला होता. तान्ह्या मुलीला घेऊन ती भावाकडे आली आणि तिथेच राहिली. मुलीला घरात बारकी म्हणायचे. बारकी आता चांगली थोराड झाली होती, लग्न होऊन दुसऱ्या गावी होती, पण नाव तेच राहिलं होतं. आणि एके दिवशी बारकीचा फोन आला की सातवा लागलाय, आई, तू ये, आणि या वेळी राहायला ये. शेवटचा महिना आणि नंतरचे निदान दोन.

ताई म्हणाली, "बघू."

त्या घरात "बघू"चा अर्थ नाही असा होता, हे तिघांनाही ठाऊक होतं. फोनवर बारकीने काही वाद घातला नाही. ती वाद घालत नसे, हीच तर पंचाईत होती. मास्तर समोर बसले होते आणि त्यांना एकेक आठवत गेलं. बारकी शाळेच्या सहलीत आजारी पडली तेव्हा ताई गेली होती आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली होती. बारकीचं अपेंडिक्स काढलं तेव्हा दुसऱ्या दिवशी परत. अगदी बारकीच्या लग्नाच्या सकाळीसुद्धा नवरी आरशासमोर बसून होती आणि तिची आई पलीकडच्या खोलीत मामाच्या दंडाला पट्टा आवळत होती. कुठेही गेली की ताईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, परतीची गाडी किती वाजता आहे? पाणी नंतर, पिशवी खाली ठेवणं नंतर, आधी परतीची गाडी. बारकी लहानपणी हे नकलेसारखं करून दाखवायची आणि सगळे हसायचे. मोठी झाल्यावर तिने ती नक्कल करणं सोडून दिलं होतं.

पन्नाशीला आलेल्या माणसाला एवढ्या उशिरा सुचावं याची मास्तरांना लाज वाटली. पण सुचलं हे खरं. आपलं आपल्याला टोचून घेता आलं, तर ताई मोकळी.

ताईला मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. आधी जमू दे, मग सांगू, असा विचार. हॉस्पिटलात रक्ताच्या आजारांच्या विभागात एक नर्सबाई होत्या, त्यांच्याकडे मास्तर शिकायला जायला लागले. घरी सांगायचे, कोटाचं अस्तर आणायला जातोय. आता अस्तर आणायला म्हणून गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत कसा येणार? येताना दरवेळी राखाडी अस्तराचा तुकडा घ्यावा लागायचा. दुकानाच्या फळीवर अस्तराचा ढीग वाढत गेला.

नर्सबाईंनी आधी रबराच्या हातावर शिकवलं. त्यात मास्तर असे पास झाले की नर्सबाईंनी शेजारच्या टेबलावरच्या बाईंना बोलावून दाखवलं. सुई कशी अलगद, तिरकी, हवी तिथे आणि हवी तेवढीच. हात धुणं झकास, बाटली फिरवणं झकास. मग म्हणाल्या, आता तुमचा स्वतःचा हात.

आणि तिथे माशी शिंकली. म्हणजे मास्तर घाबरले असं नव्हे. डावा हात टेबलावर पसरला, पट्टा आवळला, शीर वर आली, स्पिरिटने पुसली. त्या सुईला दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे छोटे पंख असतात, मागे बारीक नळी असते. उजव्या हाताने तिची टोपी काढली. आता घालायची. पण शिंप्याच्या हाताला एक खोड असते, सुई लावण्याआधी कापडावरून एकदा बोट फिरवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. बोट फिरवायला हात मोकळा हवा. एक हात टेबलावर अडकलेला, दुसऱ्यात सुई. मास्तरांनी काहीही विचार न करता सुई ओठांत धरली आणि शिरेवरून बोट फिरवलं.

नर्सबाई किंचाळल्या नाहीत, पण त्यांचं तोंड उघडं राहिलं. सुई कचऱ्याच्या डब्यात. त्यांनी नीट समजावून सांगितलं की मास्तर, तोंडातले जंतू थेट रक्तात जातील, आणि पुसलेल्या शिरेला पुन्हा हात लावायचा नाही, इस्त्री करताय का तिला? मास्तर ओशाळले. पटलं, शंभर टक्के पटलं. नवी सुई उघडली, टोपी काढली आणि पुन्हा ओठांत धरली. आपण काय केलं ते त्यांना नर्सबाईंच्या चेहऱ्यावरून कळलं.

पुढच्या खेपांना कधी जमायचं, कधी नाही. नर्सबाई "तोंड" असं वेळेवर ओरडल्या की जमायचं. शेवटी त्यांनी स्पष्टच सांगितलं. तुमचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे मास्तर, पण तोंडाचा भरवसा नाही. ही सवय जाईपर्यंत एकट्याने टोचायचं नाही, घरातलं कुणीतरी समोर बसवा. मास्तर अस्तराचा तुकडा काखेत मारून घरी आले. घरातलं कुणीतरी म्हणजे जिच्यापासून हे सगळं लपवलं होतं तीच.

बिंग फुटायला फार वेळ लागला नाही. अस्तरावरून ताईने आधी एकदा विचारलं होतं, एवढं कुणाच्या कोटाला लावणार आहेस, पलटणीचे कपडे शिवायला घेतलेस का? पण फुटलं ते अस्तरावरून नाही. एका सकाळी तिने भावाची बाही वर केली, पट्टा हातात घेतला आणि थांबली. मनगटाच्या थोडं वर एक बारीक लाल ठिपका होता. ताईने तो हात खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"हे टोचणं माझं नाही," ती म्हणाली.

मास्तरांच्या तोंडात एकही टाचणी नव्हती. तरी त्यांच्या तोंडून अं एवढंच निघालं.

"या अंचा अर्थ मला आज लागत नाहीये. नीट बोल."

मग मास्तरांनी सांगितलं. हॉस्पिटल, नर्सबाई, अस्तर, सगळं. बोलायची सवय नसल्यामुळे उलटसुलट झालं, पण सांगितलं. ताईने विचारलं, मी काय मेले होते का, परक्या बाईकडे जाऊन शिकायला? इतकी वर्षं या हाताने टोचतेय, मला एका शब्दाने विचारायचं नाही? तिचा आवाज चढला नव्हता, पण पट्टा धरलेली बोटं पांढरी पडली होती.

"बारकीला तू हवी असतेस ताई," मास्तर म्हणाले. "आणि दरवेळी आड माझा हात येतो."

ताईने पट्टा आवळला, सुई घातली, औषध दिलं, सुई काढली. छत्री नाही, इस्त्री नाही, मोजे नाहीत. इतक्या वर्षांत मास्तरांना सुई पहिल्यांदाच दुखली.

दिवसभर दुकानात ती खाली मान घालून बसली होती. दुपारी मास्तरांनी पाहिलं तर तिने एका पुरुषी कोटाची बटणं बायकी बाजूला लावून ठेवली होती, वरपासून खालपर्यंत. मास्तरांनी तो कोट गुपचूप उचलला आणि बटणं उसवत बसले. संध्याकाळी शटर खाली आल्यावर ताई त्यांच्या समोर स्टूल घेऊन बसली.

ती म्हणाली, "मला जायचंय आणि मला जायचं नाहीये, दोन्ही खरं आहे. पोरीला मी कायम अर्धीच मिळाले, ते काय मला दिसत नाही? पण तुझा हात हातात घेतल्याशिवाय माझी सकाळ होत नाही रे. तू शिकलास की मग मी कोण?"

मास्तरांना खूप सांगायचं होतं. लहानपणी सुजलेला पाय घेऊन पडलेलं असताना दारात तिच्या दप्तराचा आवाज आला की दुखणं निम्मं व्हायचं, हे सांगायचं होतं. पण ते म्हणाले, "ताईच की." आणि एवढ्याने ताईला रडू आलं. रडून झाल्यावर तिने पदराने नाक पुसलं आणि विचारलं, बरं, दाखव, काय दिवे लावलेस त्या बाईकडे?

मग तोंडाची गोष्ट सांगणं भाग पडलं. ती ऐकून ताई जी हसायला लागली ती थांबेना. डोळ्यांतून पुन्हा पाणी, पण वेगळं. म्हणाली, ती बिचारी नर्स, तिला कुठे माहीत, याला आईच्या पोटातून टाचणी तोंडात घेऊनच काढलंय.

पण हसून प्रश्न सुटणार नव्हता. ताई उठून बॅग भरणाऱ्यातली नव्हती. तिने अट घातली की ती शेजारच्या खोलीत बसून उघड्या दारातून बघेल, मध्ये हूं की चूं करणार नाही, आणि सुई ओठाला न लागता ओळीने काही वेळा औषध गेलं, तरच ती बारकीकडे जाईल. एकदा जरी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. बारकीचे दिवस भरत चालले होते, आणि औषध रोज द्यायचं नसतं, एक दिवसाआडच. म्हणजे चुकायला फारशी जागा नव्हती.

तरी मास्तर चुकले. ताईने त्यांच्या तोंडाला मास्क बांधून पाहिला. सुई हातात येताच मास्तरांनी मास्क हनुवटीखाली ओढला आणि सुई ओठांत धरली. मास्क ओढण्यात जी चपळाई होती ती बघून ताईने कपाळावर हात मारला. मग तिने तोंडात खडीसाखर दिली. मास्तरांनी ती गालात सरकवून सुईला जागा करून दिली. डोळ्यांसमोर कागद चिकटवला, "तोंड" असं मोठ्या अक्षरांत लिहून. तो त्यांनी वाचलासुद्धा, सुई ओठांत धरून. दर चुकीला एक सुई डब्यात जायची आणि ताईची बॅग कपाटावर तशीच पडून राहायची. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रात्री ते स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून झोपायचे.

आणि एका सकाळी चहाच्या किटलीचं झाकण निघालं.

त्याचं असं झालं की मास्तर बाटली फिरवत होते आणि ताई ओट्यापाशी उभी होती. शेजारच्या खोलीत जायला निघालेली असताना ती सहज म्हणाली, बारकीच्या घरी नवी किटली घेतली आहे, तिला सांगायला हवं, मामापासून जपून ठेव, त्याने लहानपणी आमच्या आईच्या आवडत्या किटलीचं झाकण फोडलं होतं. मास्तरांनी मान वर केली. ते झाकण? ते झाकण त्यांनी फोडलं नव्हतं. त्या दिवशी ते गुडघा सुजून पलंगावर पडले होते, ओट्यापर्यंत चालत जाणंही शक्य नव्हतं, आणि तरी आईने त्यांनाच बोल लावले होते. हे त्यांनी ताईला सांगायला सुरुवात केली. ताई म्हणाली, पण मला तर चांगलं आठवतंय. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. काय आठवतंय? किटली निळी होती हे तरी आठवतंय का? पलंग खिडकीशी होता, मधे आजोबांची खुर्ची होती, त्या खुर्चीला वळसा घालून लंगडा पोरगा ओट्याशी जाणार, झाकण उचलणार, फोडणार आणि परत येऊन पांघरुणात शिरणार, कुणाला तरी पटेल का हे? बोलता बोलता त्यांनी पट्टा आवळला, शीर पुसली, सुईची टोपी काढली, सुई घातली. नळीत रक्ताची बारीक रेघ वर आली. खुर्चीचा तर पाय मोडका होता, हलवली की कर्र आवाज व्हायचा, सगळं घर जागं झालं असतं, असं म्हणत त्यांनी पट्टा सैल केला आणि हळूहळू औषध सोडलं. सुई काढून डब्यात टाकली, बोळा दाबला आणि मग ते गप्प झाले. दोघांनीही एकाच वेळी पाहिलं, ताईने त्यांच्या तोंडाकडे आणि त्यांनी ताईच्या चेहऱ्याकडे.

"झाकण मीच फोडलं होतं," ताई म्हणाली.

ती मुद्दाम बोलली होती की तिलाही अचानकच सुचलं, हे मास्तरांना पुढे कधीच कळलं नाही. पण इलाज सापडला होता. बोलणाऱ्या तोंडात सुई जात नाही. एवढी साधी गोष्ट, आणि इतकी वर्षं ताई टोचताना बोलत होती ते काय, असा विचार मास्तरांच्या मनात येऊन गेला. तिचं ते बोलणं त्यांच्यासाठी होतं, तसंच तिच्या स्वतःच्या हाताला धीर द्यायलाही असणार.

प्रश्न एवढाच राहिला की बोलायचं काय. झाकण रोज कुठून आणणार? मास्तर मुळात अबोल, भिंतीशी काय बोलणार? ताई म्हणाली, मी बोलते तेच बोल, छत्री, इस्त्री. ते काही मास्तरांना जमेना. स्वतःलाच झापायची लाज वाटायची. शेवटी त्यांना येत होतं तेच त्यांनी धरलं. मापं. पोस्टमनचा कोट, खांदा इतका, छाती इतकी, कंबर वाढलीय, बोलायचं नाही त्याला. हेडमास्तरांची पँट, डावा पाय जरा आखूड. एकेक गिऱ्हाईक पाठ होतं. ताई शेजारच्या खोलीत बसून सगळ्या गावाची कंबर ऐकायची, आणि सुई ओठांकडे न जाता शिरेत जायची. एकदा, दोनदा, मग दरवेळी. नर्सबाईंनी समोर बसवून पाहिलं आणि मापं ऐकता ऐकता शेवटी म्हणाल्या की मास्तर, माझंही माप घ्या एकदा.

बॅग कपाटावरून खाली आली. फळीवरच्या अस्तराच्या ढिगातून मास्तरांनी ताईच्या जुन्या कोटाला अस्तर लावून दिलं. शिंप्याच्या घरातला कोट, वर्षानुवर्षं बिनअस्तराचाच राहिला होता. आत एक खोल खिसा केला, प्रवासाला बरा. गाडी सुटायच्या आधी ताईने सूचनांचा पाढा वाचला आणि सगळं दोनदा सांगितलं. गाडी वळणाआड गेल्यावर मास्तर थांब्यावर बराच वेळ उभे होते. मग घरी येऊन त्यांनी टेबल पुसून ठेवलं, सकाळची तयारी म्हणून. घर इतकं शांत होतं की त्यांनी दोनदा इस्त्री बंद आहे की नाही ते जाऊन पाहिलं.

सकाळी सगळं व्यवस्थित सुरू झालं. हात धुतले, बाटली फिरवली, पट्टा आवळला. पोस्टमनचा खांदा, छाती, कंबर. सुई घातली. नळीत रक्त आलं नाही. शीर निसटली होती. असं होतं कधीकधी, ताईच्या हातूनही व्हायचं. मास्तरांनी सुई काढली, बोळा दाबून धरला, रक्त थांबेपर्यंत बसून राहिले. एवढ्या वेळात पोस्टमन संपला, हेडमास्तर संपले आणि मास्तर गप्प झाले. आता ती फोन करेल, आणि आपण खोटं बोललो तर तिला आवाजावरून कळेल, आणि खरं सांगितलं तर ती संध्याकाळच्या गाडीत बसेल.

त्यांनी नवी सुई उघडली. मनगटाच्या वरची शीर निवडली, पुसली. टोपी काढली. खोलीत कसलाच आवाज नव्हता. हात वर निघाला, ओठांकडे. ओठ उघडलेसुद्धा.

"अरे, काय करतोस?" मास्तर मोठ्याने म्हणाले. ताई म्हणायची तसंच, त्याच सुरात. "शोभतं का तुला? छत्री कुठे आहे तुझी? त्या थांब्यावर विसरून आलास ना काल? बाहेर आभाळ आलंय, आता भिजत हिंडशील. आणि मोजे. एक पायात आहे, दुसरा कुठेय? माणसाने किती वेंधळं असावं? माझ्यामागे तुझं कसं व्हायचं रे बाबा? होईल. होईल सगळं नीट. घाबरायचं नाही. हळू. हळू सोड, घाई कसली आहे?"

नळीत रक्त आलं होतं. पट्टा सैल झाला होता. औषध हळूहळू आत जात होतं आणि मास्तरांच्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटी त्यांनी सुई काढली, डब्यात टाकली, बोळा दाबला.

"झालं," ते म्हणाले. "घट्ट दाबून धर."

मग त्यांनी चहा केला, दोन कप टाकला आणि दोन्ही प्यायले.

फोन आला तेव्हा ते खाली दुकानात होते. पोस्टमन ट्रायलला उभा होता, एका हातात त्याच्या कोटाची दुमड होती आणि ओठांत टाचण्या होत्या. दुमड न सोडता त्यांनी दुसऱ्या हाताने फोन कानाला लावला. ताईने विचारलं, काय रे? मास्तर म्हणाले, अं.

पलीकडून ताई म्हणाली, "कळलं. पहिल्यांदा शीर चुकली, दुसऱ्यांदा गेलं. ओठाला लागली नाही. रडलास का?"

अं, मास्तर म्हणाले.

"मीही," ताई म्हणाली. फोन दुसऱ्या कुणीतरी घेतल्याचा आवाज आला. बारकी होती. ती हसतेय की रडतेय ते समजेना.

"मामा," ती म्हणाली, "आई काल आली, आणि तिने अजून परतीची गाडी विचारलेली नाही."

मास्तरांनी कोटाची दुमड सोडली. पोस्टमन म्हणाला, अहो, सुटली. मास्तरांनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या, पिनकुशनमध्ये खोचल्या, आणि तोंड रिकामं झाल्यावर म्हणाले, "विचारली तरी सांगू नकोस."